बोर्नचा हिमालय कॅनव्हासवर: प्रतिकृती करणाऱ्या नवख्यांसाठी

जुन्या निसर्गछायाचित्राची हाताने रंगवलेली प्रतिकृती करायला बसलेला नवखा बहुधा पहिल्याच दिवशी आकाशात ढग घालतो. एकोणिसाव्या शतकातला ब्रिटिश छायाचित्रकार सॅम्युअल बोर्न, त्याच्या हिमालयाच्या फोटोतलं कोरं आकाश त्याला अपुरं वाटतं. ढग घातले की चित्राचं कॅलेंडर होतं. आकाश कोरं का, हे कळल्याशिवाय ब्रश उचलू नये.

बोर्न १८६३ मध्ये भारतात आला आणि १८७० पर्यंत इथे काम करत होता. १८६६ च्या मोहिमेत त्याने हिमालयातल्या मनिरंग खिंडीत, सुमारे १८,६०० फुटांवर कॅमेरा लावला. निगेटिव्ह काचेची, त्यावर ओलं कोलोडियन, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिकट द्रवाचा थर. ते वाळायच्या आत फोटो काढून तिथेच तंबूत धुवावा लागे. कोलोडियनवर निळ्या-जांभळ्या प्रकाशाचा परिणाम झपाट्याने होतो, हिरव्याचा फार कमी आणि तांबड्याचा जवळजवळ होतच नाही. म्हणून निळं आकाश छापात पांढरं उतरतं, देवदार डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा कितीतरी काळे येतात आणि निळसर हवेतले लांबचे डोंगर फिकट होत आकाशात विरतात. एक्सपोजर लांब असल्यामुळे वाहतं पाणी कापसासारखं दिसतं, वाऱ्याने हललेली फांदी पुसट येते. हे ‘दुरुस्त’ करायचं नाही. प्रतिकृती याचीच करायची आहे.

मूळ फोटो निवडताना हक्काचा प्रश्न आधी मिटवा. बोर्न १९१२ मध्ये वारला, त्याची चित्रं मोकळी आहेत. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्सचं तसं नाही. तो १९८४ पर्यंत होता, त्यामुळे त्याची गाजलेली चित्रं विकण्यासाठी रंगवू नका. १९४१-४२ मध्ये त्याने अमेरिकेच्या गृह खात्यासाठी काढलेली राष्ट्रीय उद्यानांची मालिका मात्र खुली आहे.

मोबाइलवर बघून रंगवणं सोडा. स्क्रीनचा उजेड आपोआप कमी-जास्त होतो आणि तुमच्या छटा त्याच्यामागे धावतात. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून मोठी फाइल घ्या. १२ × १० इंचांच्या छापाला ३०० डीपीआयने ३६०० × ३००० पिक्सेल लागतात. नागपुरात बर्डीवरच्या एखाद्या लॅबमध्ये मॅट कागदावर प्रिंट काढा आणि ‘ऑटो करेक्शन बंद ठेवा’ असं स्पष्ट सांगा. नाहीतर यंत्र आकाश करडं करून देतं.

कॅनव्हास २४ × २० इंचांचा घ्या, म्हणजे प्रमाण बरोबर दुप्पट राहतं. जेसोचे (रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे) तीन पातळ हात द्या आणि प्रत्येक हात वाळल्यावर ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. कापडाची वीण वर राहिली तर बारीक कडा उमटत नाहीत. प्रिंटवर एक इंचाचे आणि कॅनव्हासवर दोन इंचांचे चौकोन आखा, दोन्हीकडे १२० भरतात. रेघा फिक्या ठेवा. आकाशाचा रंग पातळ असतो, त्यातून पेन्सिल वर दिसते.

ट्यूबमधला काळा रंग वापरू नका. बोर्नचे छाप अल्ब्युमिनचे, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावरचे. अशा छापाला सोन्याच्या टोनिंगमुळे जांभळट तपकिरी झाक असते. बर्न्ट अंबर दोन भाग, अल्ट्रामरीन एक भाग आणि पर्मनंट अलिझरिनचा ठिपका, हा तुमचा सर्वात गडद रंग. अंड्याचा थर जुना होऊन पिवळसर पडलेला असतो, म्हणून सर्वात उजळ छटेसाठी टायटॅनियम व्हाइटमध्ये चिमूटभर यलो ऑकर घाला. या दोन टोकांमध्ये सात पायऱ्या करा, म्हणजे सर्वात उजळ पहिली आणि सर्वात गडद नववी. निम्मेनिम्म मिसळून मधली पायरी मिळत नाही, कारण दोन्ही रंगांची ताकद सारखी नसते. ती डोळ्यानेच ठरवावी लागते. प्रत्येक छटा पुरेशी कालवून रिकाम्या ट्यूबमध्ये भरा. काम अर्ध्यावर असताना पाचवी पायरी पुन्हा जशीच्या तशी जमणं जवळपास अशक्य.

करड्या कार्डाला पेन्सिलीएवढं भोक पाडा आणि त्यातून प्रिंटचा एकेक ठिपका पाहा. शेजारच्या पांढऱ्यामुळे फसणारी नजर तेवढ्याने ताळ्यावर येते. चित्रकलेची इंटरमीजिएट परीक्षा देऊन आलेल्यांना शेडिंग येतं, पण ते सगळीकडे सारखंच गडद करतात. बोर्नच्या झाडीत आठवी आणि नववी पायरी एवढंच असतं. तिथे पान न् पान काढत बसू नका.

क्रम आकाशापासून जवळच्या खडकांपर्यंत. आकाश आणि लांबचे डोंगर एकाच बैठकीत, ओल्यावर ओलं, नाहीतर त्यांच्या मधली कड कात्रीने कापल्यासारखी दिसते. पहिले थर टर्पेंटाइनने पातळ, वरच्यांत जवस तेल थोडं जास्त. उलट केलं तर पुढे तडे जातात. अंबर वाळल्यावर तेल शोषून मळकट, निस्तेज दिसतो. घाबरून त्यावर गडद रंग चढवू नका. जवस तेल आणि टर्पेंटाइन समप्रमाणात घेऊन कापडाने हलकेच पुसा, मूळ छटा परत येते.

नागपुरात ऋतू बघूनच हे काम घ्यावं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की ॲक्रिलिक पॅलेटवरच साय धरतं, म्हणून उन्हाळ्यात तेलरंगच बरा. पण इझल कूलरच्या झोतासमोर नको; तुषार आणि धूळ ओल्या रंगात रुततात. पावसाळ्यात कॅनव्हास भिंतीला टेकवला तर मागून बुरशी येते, खाली लाकडी पट्ट्या ठेवून हवा खेळती ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वात सोयीचे, आणि उत्तरेची खिडकी मिळाली तर सोन्याहून पिवळं. पातळ थराच्या कामालाही वॉर्निशसाठी सहा महिने थांबावं लागतं. गिऱ्हाइकाला ही मुदत ऑर्डर घेतानाच सांगा, कारण दिवाळीच्या तोंडावर आलेला माणूस वॉर्निशसकटच चित्र मागतो.

भाव इंचावर लावण्याची पद्धत या कामात तोट्याची. तेवढ्याच आकाराच्या कॅनव्हासवर बर्फाचं शिखर लवकर उरकतं, बनारसचा घाट दुप्पट वेळ खातो. चौकोन मोजून नव्हे, त्यातल्या कडा बघून दर ठरवा. सही पुढे करायची असेल तर खालच्या कोपऱ्यात, बारीक. मागे मात्र ‘सॅम्युअल बोर्नच्या छायाचित्रावरून’, मूळ छायाचित्राचं नाव आणि प्रतिकृतीचं साल न पुसणाऱ्या शाईने लिहा, चौकटीच्या लाकडी पट्टीवर, कापडावर नाही. कापडावरची शाई पुढच्या बाजूला झिरपते.