खिसा लहान असला तरी चित्र घेता येतं

न्यूयॉर्कमधल्या हर्बर्ट आणि डोरोथी व्होगेल या जोडप्याचं मला फार कौतुक वाटतं. तो टपाल खात्यात कारकून, ती ग्रंथपाल. तिच्या पगारात घर चालायचं, त्याचा पगार चित्रांवर जायचा. फारसं नाव नसलेल्या कलाकारांकडून ते थेट खरेदी करत, कधी हप्त्याने, आणि तेही आपल्या छोट्याशा फ्लॅटमध्ये मावेल तेवढंच. १९९२ मध्ये हा संग्रह वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टकडे गेला.

अख्खा पगार बाजूला काढणं बहुतेकांना जमणार नाही. पण हप्त्याबद्दल विचारायला लाजू नका.

मूळ चित्र आवाक्याबाहेर असेल, तर लिनोकट (लिनोलियमच्या तुकड्यावर कोरलेल्या ठशावरून काढलेलं चित्र) किंवा एचिंगची (धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरलेल्या ठशावरून काढलेलं चित्र) मर्यादित आवृत्तीतली, म्हणजे मोजक्याच संख्येने काढलेली, प्रत बघा. खालच्या कडेला पेन्सिलीने ७/५० असं लिहिलेलं दिसेल. म्हणजे पन्नासातली सातवी. ही झेरॉक्स नव्हे. ठशावर दर वेळी नव्याने शाई लावून प्रत काढतात, त्यामुळे एकीत काळा रंग दाट उतरतो, दुसरीत किंचित विरळ. घरी आणल्यावर थेट उन्हात टांगू नका आणि फ्रेमवाल्याला ॲसिड-फ्री माउंट, म्हणजे चित्राला लागून असणारा आम्लविरहित पुठ्ठा, लावायला सांगा, नाहीतर कागद पिवळा पडतो.

घासाघीस मात्र नको. अगदीच पैसे नसतील, तर कलाकाराला चार ओळी लिहा. नुसतं ‘छान’ नको. नजर कुठल्या रेषेवर अडकली ते सांगा. फोटो पुढे पाठवताना नाव कापू नका, त्या नावावरूनच एखादा गिऱ्हाईक त्याच्यापर्यंत पोहोचतो.