एमएसडब्ल्यू करताय? आधी फील्डवर्क कुठे ते विचारा

निकाल लागले की कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, लोकांना संघटित करायचं काम करायचंय, मग शिकू काय?" माझं उत्तर ठरलेलं आहे. कॉलेजच्या नावाला भुलू नका, त्यांचे विद्यार्थी फील्डवर्कला, म्हणजे वस्तीतल्या प्रत्यक्ष कामाला, कुठे जातात ते आधी विचारा.

बीएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी, बारावीनंतर करता येतं. एमएसडब्ल्यू ही पुढची, पदव्युत्तर पदवी दोन वर्षांची, तिला कुठल्याही शाखेचे पदवीधर चालतात. मुंबईत १९३६ साली सुरू झालेली टाटा इन्स्टिट्यूट आणि निर्मला निकेतन आहे, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था. ग्रामीण भागात रमणाऱ्यांनी टाटाचा तुळजापूरचा कॅम्पस जरूर बघावा. अनेक ठिकाणी एचआरचीही (कंपन्यांतल्या मनुष्यबळ व्यवस्थापनाची) शाखा असते. तिथे नोकरी लवकर लागते हे खरं, पण मग वस्ती सुटते.

व्यक्ती सहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन या पद्धती वर्गात शिकवतात. खरी घडण होते ती फील्डवर्कच्या रेकॉर्डिंगमध्ये, म्हणजे वहीत लिहायच्या नोंदींत. "वस्तीला भेट देऊन समस्या जाणून घेतल्या" असं मी लिहिलं की आमच्या मॅडम समासात लाल पेनाने विचारायच्या: कोण बोललं? कोण गप्प बसलं? पुढच्या वेळी कुणाच्या घरी बसायचं ठरलं? वही परत यायची, पुन्हा लिहायची. तेव्हा वैताग यायचा. आज बैठकीत शिरल्याबरोबर माझी नजर मागे बसलेल्या बायकांकडे जाते, ती त्या लाल पेनामुळे.

दुसरी गोष्ट कायद्याची, आणि ती अभ्यासक्रमात घाईघाईने उरकतात. ग्रामसभेचंच घ्या. गणपूर्तीला, म्हणजे सभा चालायला लागणाऱ्या किमान हजेरीला, १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांतली जी संख्या कमी असेल ती लागते. ती भरली नाही तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. हे सरपंचाला पाठ असतं, पाणी भरणाऱ्या बाईला नसतं. संघटकाचं निम्मं काम इथेच आहे: विषय आधी लेखी देणं, पहिल्याच सभेला बायका आणणं, आणि ठराव इतिवृत्तात (सभेच्या लेखी नोंदीत) जसाच्या तसा उतरलाय का, सूचक-अनुमोदकांची नावं आहेत का, हे जागेवर वाचून घेणं. भाषण ठोकणारे गावात पुष्कळ असतात, इतिवृत्त मागणारं कुणी नसतं.

पदवी नसली तरी वाट बंद नाही. माझ्या ओळखीतल्या उत्तम संघटकांपैकी कित्येक जणी बचतगटातून वर आल्या: आधी हिशेब लिहिणारी, मग 'उमेद' या सरकारी ग्रामीण अभियानात सीआरपी (गावातल्या गटांना मार्गदर्शन करणारी बाई), मग एखाद्या संस्थेत कार्यकर्ती. मुंबईची 'कोरो' संस्था तळातल्या कार्यकर्त्यांना फेलोशिप देते. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेची 'निर्माण' शिबिरं तरुणांसाठी असतात. राहिलेली पदवी नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून पूर्ण करता येते, आणि ती करावीच. अनुभव कितीही असो, पगाराच्या श्रेणीत कागद विचारतातच.

नोकरीचं म्हणाल तर महापालिकांच्या समाज विकास विभागात समूह संघटकाची पदं असतात, बरीचशी कंत्राटी. संस्थांमध्ये 'प्रकल्प समन्वयक' म्हणून घेतात आणि दिवसभर एक्सेल भरायला लावतात. म्हणून मुलाखतीत दोन गोष्टी बेधडक विचारा: आठवड्यातले किती दिवस वस्तीत, आणि प्रवासभत्ता पगारातच धरलाय की वेगळा?