चायनीज ईव्हीच्या लाटेत आपल्या फाउंड्रीची पार्ट लिस्ट कशी तपासायची

आपल्या कोल्हापूरच्या एमआयडीसीत शिरोली घ्या, गोकुळ शिरगाव घ्या, कागल घ्या, कुठंही चहाला थांबलं की हल्ली हाच विषय, चायनीज ईव्ही म्हणजे बॅटरीवरच्या गाड्या आल्या की फाउंड्रीतलं, म्हणजे ओतकामातलं, इंजिनचं काम संपणार का. नुसतं बोलून टेन्शन वाढतं, त्यापेक्षा एक दिवस ऑफिसात बसा आणि स्वतःची पार्ट लिस्ट काढा.

गेल्या वर्षीची सगळी बिलं घ्या आणि प्रत्येक पार्टसमोर लिहा, गाडीतनं इंजिन काढलं तर हा लागतोय का नाही. सिलिंडर हेड, फ्लायव्हील हाउसिंग, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, टर्बो हाउसिंग, बेअरिंग कॅप हे सगळं इंजिनाबरोबर जाणार. ब्रेक डिस्क, ड्रम, हब, स्टिअरिंग नकल राहतात, पण इथं एक रकाना अजून पाडा, मटेरियल बदलू शकतं का म्हणून, कारण बॅटरीनं गाडी जड होते मग कंपनी बाकी ठिकाणी वजन कापते आणि एसजी आयर्नचं, म्हणजे चिवट ओतीव लोखंडाचं, नकल ॲल्युमिनियमवर जातं. हिशोब टनात करू नका, रुपयांत करा. मशीनिंग करून दिलेला इंजिनचा पार्ट टनात किरकोळ दिसतो पण मार्जिन सगळं त्यातच असतं.

मग टियर वनला, म्हणजे गाडी कंपनीला थेट माल देणाऱ्या आपल्या ग्राहकाला, सरळ फोन लावा आणि विचारा, हा पार्ट शेवटी कुणाच्या कुठल्या गाडीत जातो, तो प्लॅटफॉर्म किती वर्षं चालणार. बरेच जण हे विचारतच नाहीत, शेड्यूल आलं की हीट लावतात, म्हणजे भट्टी पेटवतात, आणि मला याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते. कारण घाव तिकडं, युरोपातल्या गाडी कंपन्यांवर बसलाय. चीनमध्ये वर्षानुवर्षं एक नंबर विकणारा फोक्सवॅगन ब्रँड 2023 मध्ये चायनीज बीवायडीच्या मागं गेला, डिसेंबर 2024 मध्ये कंपनीनं युनियनशी करार करून 2030 पर्यंत जर्मनीतल्या 35,000 जागा कमी करायचं ठरवलं, त्याच ग्रुपच्या ऑडीचा ब्रसेल्सचा प्लांट फेब्रुवारी 2025 मध्ये बंद झाला. बीवायडी मुळात बॅटरीवाली कंपनी, 1995 ची, ईव्हीतली सगळ्यात महागडी वस्तू ते घरातच बनवतात, तिथं युरोपवाल्यांचा भाव टिकत नाही. मग तो दबाव टियर वनवर आणि तिथनं आपल्या रेटवर येतो. फोक्सवॅगननं एक्सपेंगमध्ये आणि फियाट, प्यूजोवाल्या स्टेलँटिसनं लीपमोटरमध्ये, म्हणजे चायनीज ईव्ही कंपन्यांत, 2023 सालीच पैसे घालायचं ठरवलं, म्हणजे दिशा त्यांना कळलीय.

आता घाबरून इंजिनचं काम सोडू पण नका. बीवायडीनं 2024 मध्ये 42 लाखांवर गाड्या विकल्या, त्यात निम्म्याहून जास्त प्लग-इन हायब्रिड, म्हणजे इंजिन आहेच. युरोपनं ऑक्टोबर 2024 मध्ये चीनमधनं येणाऱ्या गाड्यांवर जादा ड्युटी लावली, बीवायडीला 17 टक्के, एसएआयसी या दुसऱ्या चायनीज कंपनीला 35.3 टक्के, ती फक्त बॅटरीवरच्या गाड्यांना, हायब्रिडला नाही, त्यामुळं चायनीज हायब्रिड तिकडं जोरात चालल्यात. फक्त ते इंजिन चीनमध्ये बनतंय, आपल्याकडं नाही, हे ध्यानात ठेवून हायब्रिडच्या बातमीवर खूश व्हा. अमेरिकेनं 2024 मध्ये चायनीज ईव्हीवरची ड्युटी 100 टक्के केली, म्हणून तिथल्या ग्राहकाचे पार्ट वेगळ्या यादीत ठेवा, तिथला बदलाचा वेग वेगळा असणार. ट्रॅक्टर, पंप, जनरेटर यांची पण यादी वेगळी, त्याला बराच अवकाश आहे.

ॲल्युमिनियमची मोटर हाउसिंग करू म्हणणारे लई भेटतात. चांगलंच आहे, पण ती लाइनच वेगळी, भट्टी वेगळी, डाय कास्टिंग मशीन वेगळं, लीक टेस्ट वेगळी, आयर्नच्या मोल्डिंग लाइनचा तिथं उपयोग नाही. आधी ग्राहकाकडनं लेखी व्हॉल्यूम घ्या मगच बँकेत जा.

आणि इंजिन पार्टची नवीन आरएफक्यू, म्हणजे रेटची चौकशी, आली की पॅटर्न आणि कोअर बॉक्स या साच्याच्या टूलिंगचा खर्च पीस रेटमध्ये वाटून देऊ नका, तो वेगळा मागा आणि आधीच वसूल करा. ग्राहक ऐकतच नसेल तर कमीत कमी एवढं पीओमध्ये, म्हणजे खरेदी ऑर्डरमध्ये, लिहून घ्या, की ठरलेले नग उचलायच्या आत प्रोग्रॅम बंद झाला तर टूलिंगची उरलेली रक्कम तो भरणार.