कात्री लावण्याआधी: छापील कापडाच्या चुण्यांच्या स्कर्टची तयारी

आवडीचं छापील कापड घरी आणलं की बहुतेकींचं एकच होतं. ते कपाटात घडी होऊन पडतं, कारण कात्री लावायचा धीरच होत नाही. खरं तर चुण्यांच्या स्कर्टात अवघड काही नाही: दोन सरळ तुकडे, दोन बाजूंच्या शिवणी, वर नेफा (इलास्टिक ओवायची पोकळ दुमड), खाली दुमड. जिला परकर शिवता येतो तिला तर सांगायलाच नको. बिघडतं ते मशीनवर बसण्याआधी, म्हणून तयारी नीट हवी.

कापड अजून घ्यायचं असेल तर तपासणी दुकानातच करा. लातूरच्या गंजगोलाईत काय किंवा संभाजीनगरच्या गुलमंडीवर काय, दुकानदार ठाण उलगडतो तेव्हा नजर रंगावरच जाते. आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. छापील सुती कापड बहुधा 44 इंची पन्ह्याचं मिळतं, पण 36 आणि 58 इंचीही असतं. मग दोन्ही किनारी एकमेकींवर धरून बघा, एका किनारीजवळचं फूल दुसरीजवळच्या फुलाच्या रेषेत येतंय का. हाताच्या ठशाच्या छपाईत थोडं इकडेतिकडे होणारच, त्यातच तिची मजा आहे. पण दोन इंचांचा फरक दिसला तर कितीही मनात भरलं तरी ठेवून द्या. छाप तिरका असेल तर तो धुऊन सरळ होत नाही, आणि घेरावर ती तिरकी ओळ लांबूनही दिसते. संभाजीनगरच्या हिमरू कापडाचा मोह पडतो, पण त्याची नक्षी छापलेली नसून विणलेली असते आणि तो जाड असतो. चुण्या घातल्या की कमरेवर गोळा होतो, त्याला इथे सुट्टी द्या.

किती घ्यायचं? तयार उंची 34 इंच धरली तर नेफ्याला दीड आणि खालच्या दुमडीला दोन मिळवून साडेसदतीस इंच झाले. असे दोन तुकडे म्हणजे 75 इंच. हे दोन मीटरात कसंबसं बसतं, पण सुती कापड आटतं. सव्वादोन मीटर घ्या, उरलेल्यात खिसे निघतात. (खिशाशिवाय स्कर्ट शिवूच नये, हे माझं मत.) छापाला वर-खाली असेल, म्हणजे झाडं, मोर, हत्ती असतील, तर दोन्ही तुकड्यांत त्यांची तोंडं वरच राहतील असं आखून घ्या. एका तुकड्यावर मोर उलटे लटकलेले बरे दिसत नाहीत. मोठ्या नक्षीच्या कापडात पाव मीटर जास्त असू द्या, म्हणजे बाजूच्या शिवणीवर नक्षी जुळवता येते. आणि एका किनारीला काठ छापलेला असेल तर कापड आडवंच वापरा. काठ खाली, उंची पन्ह्यातून, घेर लांबीतून. सव्वादोन मीटरचा सलग 88 इंची घेर मिळतो आणि शिवण एकच पडते.

मग धुणं. हे टाळू नका. आधी ओला पांढरा रुमाल कापडाच्या कोपऱ्यावर दाबा. रुमालाला लाल-निळा डाग आला तर ते कापड एकटंच गार पाण्यात भिजवा आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत खळबळा. कलमकारी आणि अजरख या गडद रंगांच्या पारंपरिक छापील कापडांना हे हमखास करावं लागतं. पाण्यात मूठभर मीठ घालायची आपल्याकडे रीत आहे, पण जास्तीचा रंग खळबळूनच जातो, मिठावर भरवसा ठेवू नका. आपल्या बऱ्याच गावांत नळ रोज येत नाही, तेव्हा हा कार्यक्रम पाणी येण्याच्या दिवशीच ठरवा. वाळवायचं सावलीत, उलट बाजू वर करून. एप्रिल-मेचं मराठवाड्याचं ऊन छाप विटवून टाकतं. थोडं दमट असतानाच इस्त्री करा आणि मग परत मोजा. सव्वादोन मीटरमागे तीन-चार इंच गेलेले असू शकतात.

अंगाची मापं दोनच, पण नीट घ्या. स्कर्ट जिथे बसायला हवा तिथे कमरेला एक नाडी बांधा आणि उंची त्या नाडीपासून, पायात चपला घालून मोजा. घोट्याच्या वर चार बोटं ठेवा, नाहीतर एसटीच्या पायऱ्या चढताना कड पायाखाली येते. इलास्टिक एक इंच रुंदीचं, कमरेच्या मापापेक्षा दोन इंच कमी.

घेर किती ठेवायचा ते छापाला विचारा. बारीक बुट्टी असेल तर कमरेच्या अडीच-तीन पट घेरही शोभतो. मोठं फूल असेल तर दुपटीवर थांबा, नाहीतर पाकळ्या चुण्यांत गडप होतात. खात्री करायची तर कापड न कापताच वरची कड मुठीत गोळा करून कमरेला लावा आणि आरशासमोर उभ्या राहा. कापड पांढऱ्या जमिनीचं आणि पातळ असेल तर मलमलचं अस्तर आत्ताच आणून, धुऊन ठेवा.

मशीनजवळ धारदार कात्री, टेप, खडू, टाचण्या, जुळत्या रंगाचं रीळ, भरलेली बॉबीन, इलास्टिक ओवायला मोठी सेफ्टी पिन आणि उसवायचं हत्यार असू द्या. सुई नवी, साध्या सुतीला 14 नंबर, पातळ कापडाला 11. नेफ्याऐवजी पट्टा लावणार असाल तर चुण्यांसाठी सर्वांत लांब टाक्याच्या दोन समांतर टिपा माराव्या लागतील. टोकांना टीप पक्की करायची नाही, दोरे लांब सोडायचे आणि खालचा, बॉबीनचा दोरा ओढायचा. ही टीप आधी त्याच कापडाच्या कातरणीवर मारून, दोरा ओढून बघा. दोरा तुटला किंवा सरकलाच नाही, तर वरच्या दोऱ्याचा ताण थोडा सैल करा आणि पुन्हा कातरणीवरच मारून बघा.