बर्फाखालचा वॉलआय शोधायचा तर आधी तळ वाचा

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातला मिल लॅक्स तलाव 500 चौरस किलोमीटरहून मोठा, पण सगळ्यात खोल जागा जेमतेम 42 फुटांची. बर्फ धरला की वरून सगळं मैदान सारखंच दिसतं आणि नवखा माणूस मासेमारांचे चार तंबू दिसतील तिथे भोक पाडून बसतो. वॉलआय हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा मात्र तळ बघून जागा धरतो. कोकणात गरवायला जाणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको: खडप संपून वाळू सुरू होते तिथे गरी टाकायची. इथेही तेच, फक्त मध्ये बर्फाची लादी.

निम्मं काम घरीच होतं. राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या, म्हणजे डीएनआरच्या लेकफाइंडरवर बऱ्याच तलावांचे खोलीचे नकाशे फुकट मिळतात. त्यात खोलीच्या रेषा जिथे एकमेकींना चिकटत आल्यात तिथे तीव्र उतार आहे. त्या उतारावर पाण्यात शिरलेलं नाक, उताराने आत घेतलेलं वळण किंवा एकटाच उभा राहिलेला उंचवटा शोधा. अशा चार-पाच जागा जीपीएसमध्ये टाकून ठेवा. मिल लॅक्सच्या दक्षिणेकडे खडकाळ उंचवटे जास्त, उत्तरेकडे चिखलाचे सपाट माथे. माथा साधारण 20 ते 28 फुटांवर आणि भोवती 30 च्या पुढे पाणी. चिखलातल्या अळ्या खायला पर्च हा छोटा मासा येतो, पर्चमागे वॉलआय.

बर्फावर पाऊल ठेवल्यापासून दर काही पावलांवर पहार आपटत चला. चालायला किमान 4 इंच स्वच्छ, पारदर्शक बर्फ हवा. पांढरा, दुधाळ बर्फ निम्म्याच ताकदीचा धरायचा, म्हणजे तो दुप्पट जाड असला पाहिजे.

आता भोकं. बर्फ भोकायचं 8 इंचांचं ऑगर पुरतं. माथ्यापासून पायथ्याकडे नागमोडी जात, दर आठ-दहा पावलांवर एक अशी सहा ते आठ भोकं पाडा. पहिलं 14 फूट पाण्यावर आलं तर शेवटचं 26-28 वर यावं. बर्फ स्वच्छ असेल तर त्यावर थोडं पाणी ओतून सोनार यंत्राचा ट्रान्सड्यूसर (ध्वनिलहरी सोडून प्रतिध्वनी टिपणारा भाग) टेकवला तरी खोली कळते. नुसती खोली बघायला प्रत्येक ठिकाणी भोक कशाला?

फ्लॅशर, म्हणजे रंगीत पट्ट्यांनी खोली दाखवणारा सोनार, फक्त मासा दाखवतो असं समजणाऱ्याचा दिवस वाया जातो. टणक तळावर तळाचा लाल पट्टा रुंद दिसतो आणि दुप्पट खोलीवर दुसरा प्रतिध्वनी उमटतो. 12 फुटांवर तळ असेल तर 24 वर आणखी एक पट्टा, अर्थात यंत्राची रेंज तेवढी ठेवलेली असेल तर. चिखलावर पट्टा बारीक होतो, दुसरा जवळजवळ दिसतच नाही. एका भोकात दुहेरी पट्टा आणि पुढच्या भोकात एकच, तर खडक-चिखलाची सीमा त्या दोघांच्या मध्ये आहे. बसायची जागा तीच. गेन, म्हणजे यंत्राची संवेदनशीलता, फार वाढवला की चिखलही दगडासारखा दिसतो, म्हणून आपलं आमिष जेमतेम एक बारीक रेघ दिसेल इतकाच ठेवा.

उतारावर आणखी एक फसगत होते. 20 अंशांच्या शंकूत लहरी सोडणारा ट्रान्सड्यूसर 24 फुटांवर सुमारे 8 फूट रुंद वर्तुळ बघतो आणि त्यातली सगळ्यात उथळ जागा तळ म्हणून दाखवतो. खालच्या बाजूला तळाला चिकटलेला मासा त्या पट्ट्यात बुडून जातो. 9 अंशांवर आणलं तर वर्तुळ चार फुटांखाली येतं. नाहीतर सरळ पायथ्याच्या सपाट भागावर सरका. तळाचा पट्टा अचानक किंचित जाड झाला, वरची कड सुटी होऊ लागली, तर हात हलवू नका, मासा उठतोय.

सुरुवातीच्या बर्फात 8 ते 15 फुटांच्या कडा आणि अजून हिरव्या असलेल्या वनस्पतींची किनार बघा, जानेवारीत खोल उंचवटे. वॉलआयच्या डोळ्यात प्रकाश परतवणारा थर असतो, म्हणून अंधुक उजेडात त्याचं फावतं. सूर्यास्ताच्या आधीचा अर्धा तास आणि नंतरचा एक तास हीच मुख्य वेळ. त्या वेळी ऑगर सुरू करणं म्हणजे ताटावरून उठवणं, विशेषतः 15 फुटांपेक्षा उथळ पाण्यात. भोकं तासभर आधीच आटपा.

मिनेसोटात हिवाळ्यात दोन गळ चालतात. एकात पाव औंसाचा चमचा, म्हणजे चकाकणारं धातूचं आमिष, आणि त्याच्या आकड्याला मिनोचं (आमिषाच्या छोट्या माशाचं) डोकं: तळावर दोनदा आपटून गढूळ उडवायचं, फूटभर उचलायचं, पाच-दहा सेकंद थांबायचं. बहुतेक वेळा मासा थांबलेल्या आमिषालाच तोंड लावतो. दुसरा गळ आठ-दहा फुटांवर, पाठीत अडकवलेला जिवंत मिनो तळापासून 6 ते 12 इंच वर. मासा येऊन नुसता बघत राहिला तर आमिष हळूहळू वर न्या. त्याच्या खाली कधीच नको. वीस मिनिटं पडदा रिकामा राहिला तर पुढच्या भोकावर जा.

30 फुटांपेक्षा खोलून काढलेल्या माशाची हवेची पिशवी फुगते आणि सोडला तरी तो बऱ्याचदा जगत नाही. मिल लॅक्सवर ठेवता येणाऱ्या माशाचं माप आणि संख्या दरवर्षी बदलू शकते. सोडून द्यावे लागणारे मासेच जास्त लागत असतील तर खोल भोकं बंद करून माथ्यावर या.