गृहीतक शोधताना मी कुठे चुकत होते

एलसॅटची, म्हणजे कायद्याच्या शिक्षणासाठीच्या प्रवेशपरीक्षेची, तयारी करताना तर्कक्षमतेचे बाकीचे प्रश्न हळूहळू जमायला लागले. पण "हा युक्तिवाद कोणत्या गृहीतकावर अवलंबून आहे?" असं दिसलं की पोटात गोळा यायचा. पाचपैकी तीन पर्याय लगेच उडायचे आणि उरलेल्या दोनांतला नेमका चुकीचा मी धरायचे. त्याच चुकीबद्दल सांगते, कारण नव्याने सुरुवात करणारे बरेच जण तिथेच अडकतात.

समजा, प्रश्न असा आहे: ग्रंथालयाने उघडं राहण्याची वेळ दोन तासांनी वाढवली. त्यानंतर घरी नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या घटली. म्हणजे तिथल्या पुस्तकांचं वाचन कमी झालं आहे.

पर्याय अ: ग्रंथालयातली पुस्तकं फक्त घरी नेऊनच वाचली जातात.
पर्याय ब: वाढीव वेळेत तिथेच बसून वाचणाऱ्यांमुळे ही घट भरून निघालेली नाही.

मी अ निवडला असता. तो ठसठशीत आहे, तो मानला की निष्कर्ष घट्ट बसल्यासारखा वाटतो. पण प्रश्न 'अवलंबून' म्हणतोय. ज्याच्यावाचून युक्तिवाद उभाच राहणार नाही, एवढंच हवं आहे. म्हणून पर्याय उलटा करून बघायचा. अ उलटा केला तर 'काही पुस्तकं तिथे बसूनही वाचली जातात'. असेनात का! तशी थोडीच असतील तर वाचन घटलेलं असू शकतं. ब उलटा केला तर 'तिथे बसून वाचणाऱ्यांमुळे घट भरून निघाली', आणि निष्कर्ष तिथल्या तिथे कोसळतो. उत्तर ब.

उलटं करतानाही मी घोटाळा करायचे. 'सगळे' याचं उलट 'कोणीच नाही' असं धरायचे. ते 'सगळेच नाहीत' एवढंच असतं. 'काही' याचं उलट मात्र 'एकही नाही'. हे नीट कळलं नाही तर चुकीचा पर्यायही युक्तिवाद पाडतोय असा भास होतो.

'कोणतं विधान मानलं तर निष्कर्ष नक्की निघतो?' असं विचारलं असेल तर मात्र गणित बदलतं. तिथे टोकाचा पर्याय बरोबर असू शकतो. म्हणून आधी प्रश्न वाचायचा, मग उतारा. मला ही सवय लागायला फार उशीर झाला.

वेळेचं म्हणाल तर परीक्षेच्या या विभागात 35 मिनिटांत साधारण 25 प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिटही मिळत नाही. पाचही पर्याय उलटे करत बसायला सवड नसते, ही कसोटी शेवटच्या दोन पर्यायांसाठीच राखून ठेवा. त्याआधी निष्कर्षात नवा शब्द कुठला आला ते बघा. वरच्या उताऱ्यात पुरावा 'घरी नेण्या'चा आहे आणि निष्कर्ष 'वाचना'चा. भोक तिथेच आहे. पर्याय वाचण्याआधी ते दिसलं तर अर्धं काम झालं.

सरावात मी पर्याय कागदाने झाकायचे आणि ते भोक स्वतःच्या शब्दांत एका ओळीत लिहायचे. मगच कागद उचलायचे. सुरुवातीला एका प्रश्नाला पाच-पाच मिनिटं लागली. ती लागू द्या, त्या दिवसांत घड्याळ लावूच नका.