'संपणे' या अर्थाची इंग्रजी क्रियापदे : 'फिनिश' कोठे वापरावे आणि कोठे टाळावे

'फिनिश' हे क्रियापद आपल्या गावांतील मुले प्राथमिक शाळेतच शिकतात आणि पुढे 'संपणे' या अर्थाची प्रत्येक गोष्ट त्याच एका शब्दाने सांगू लागतात. वास्तविक शाळा सुटते, पाऊस थांबतो, कर्ज फिटते, मुदत सरते आणि स्वयंपाक आटोपतो. मराठीने या पाच शेवटांसाठी पाच वेगवेगळी क्रियापदे ठेवली आहेत आणि इंग्रजीतही असाच भेद पाळला जातो. म्हणून इंग्रजी वाक्य जुळवण्यापूर्वी मराठीत नेमके कोणते क्रियापद आले असते, हे आधी मनाशी ठरवावे. काम पूर्ण झाले, मध्येच थांबले, मुदतीने संपले की कोणी तोडले, हे एकदा स्पष्ट झाले की शब्द निवडणे बरेच सोपे होते.

'फिनिश'चा गाभा म्हणजे हाती घेतलेले काम शेवटच्या टोकापर्यंत नेणे. शेवटची वेचणी होऊन कपाशीचे शेत मोकळे झाले की वऱ्हाडात 'उलंगवाडी झाली' असे म्हणतात. त्या वेळी शेतकरी 'वुई हॅव फिनिश्ड पिकिंग द कॉटन' असे म्हणू शकतो, कारण वेचायचे काही उरलेले नसते. अवकाळी पाऊस आल्यामुळे मजूर अर्ध्या शेतातून परतले असतील, तर मात्र 'वुई स्टॉप्ड पिकिंग' हेच बरोबर आहे, कारण काम थांबले आहे, संपलेले नाही. आणि बोलणे कामाविषयी नसून हंगामाविषयी असेल, तर 'द सीझन हॅज एंडेड' किंवा 'द सीझन इज ओव्हर' असे म्हणावे. शाळा सुटल्यावरही 'स्कूल इज ओव्हर' म्हणतात.

येथे व्याकरणाचा एक नियम पक्का लक्षात ठेवावा. 'फिनिश'नंतर दुसरे क्रियापद आले, तर ते 'इंग' लावूनच येते. 'आय फिनिश्ड रीडिंग' हे शुद्ध आहे आणि 'आय फिनिश्ड टू रीड' हे अशुद्ध आहे. 'स्टॉप'च्या बाबतीत दोन्ही रचना शुद्ध असल्या तरी त्यांचा अर्थ जवळजवळ उलटा होतो. 'ही स्टॉप्ड ड्रिंकिंग टी' म्हणजे त्याने चहा पिणे बंद केले, तर 'ही स्टॉप्ड टू ड्रिंक टी' म्हणजे चहा पिण्यासाठी तो वाटेत थांबला. 'एंड'ला सहसा नामच जोडावे. संप, भांडण, सभा, युद्ध यांना 'एंड' शोभते, पण 'वुई एंडेड पिकिंग' असे कोणी म्हणत नाही.

'फिनिश'चे आणखी काही अर्थ ओळखीचे असावेत. ताटातले सगळे खाणे हे 'फिनिश'च आहे. शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, जोडी दुसरी आली, तर 'द पेअर फिनिश्ड सेकंड' असे म्हणतात. सुतार लाकडाला शेवटचा हात देऊन जी गुळगुळीत झळाळी आणतो, तिलाही 'फिनिश' म्हणतात. 'कम्प्लीट' हा याचा सर्वांत जवळचा समानार्थी शब्द असून त्यात एकही भाग बाकी न राहण्यावर भर असतो. त्यामुळे फॉर्म, पदवी, प्रशिक्षण आणि औषधांचा कोर्स यांना तो अधिक साजतो.

खरी काळजी घ्यावी लागते ती बँक, विमा आणि नोकरीच्या कागदांत, कारण तेथे चुकीचा शब्द नुकसान करतो. कर्ज पूर्ण फेडले की खाते 'क्लोज्ड' होते. एकरकमी तडजोडीत बँकेने येणे असलेल्या रकमेपेक्षा कमी पैसे घेऊन प्रकरण मिटवले, तर सिबिलच्या, म्हणजे कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या संस्थेच्या, नोंदीत 'सेटल्ड' असे येते आणि पुढचे कर्ज मिळताना ती नोंद आडवी येऊ शकते. मराठीत आपण दोन्ही वेळा 'कर्जाचा निकाल लागला' म्हणून मोकळे होतो. म्हणून नो ड्यूज प्रमाणपत्र हाती घेताना त्यावर यांपैकी कोणता शब्द आहे, हे थांबून वाचावे. विमा पॉलिसीचेही तसेच आहे. 'मॅच्युअर' म्हणजे मुदत पूर्ण होऊन रक्कम देय झाली, 'लॅप्स' म्हणजे हप्ते न भरल्यामुळे ती बंद पडली आणि 'सरेंडर' म्हणजे विमाधारकाने स्वतःहून ती मुदतीआधी सोडली. कीटकनाशकाच्या बाटलीवर, वाहन परवान्यावर किंवा औषधाच्या पाकिटावर तारीख उलटून गेली असेल, तर त्यासाठी 'एक्सपायर' हा शब्द आहे.

'टर्मिनेट'विषयी तर मला तरुणांना आवर्जून सांगावेसे वाटते. अकरा महिन्यांच्या करारावर काम केलेली अनेक मुले अर्जात 'माय सर्व्हिस वॉज टर्मिनेटेड' असे लिहितात. हे वाचणाऱ्याला त्यांना कामावरून काढून टाकले असेच वाटते आणि कष्टाने मिळवलेल्या अनुभवावर विनाकारण शंका येते. करार आपल्या मुदतीने संपला असेल, तर 'माय कॉन्ट्रॅक्ट एंडेड' असे लिहावे आणि त्यापुढे तारीख द्यावी. स्वतः नोकरी सोडली असेल, तर 'आय रिझाइन्ड' असे लिहावे.

बोलण्यात नोकरी सोडण्यासाठी 'क्विट' चालते, पण अर्जात नको. या शब्दाचा मूळ रोख सोडण्यावर, निघून जाण्यावर आहे. काँग्रेस कार्यसमितीने १४ जुलै १९४२ रोजी वर्ध्यात जो ठराव केला आणि ८ ऑगस्टला मुंबईत ज्यावर शिक्कामोर्तब झाले, त्या 'क्विट इंडिया'चा अर्थ म्हणूनच 'चले जाव' असा होतो. सवय सोडण्यासाठीही हाच शब्द वापरतात. 'ही क्विट चूइंग खर्रा' म्हणजे त्याने खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) सोडला. याचे भूतकाळी रूपही 'क्विट' असेच राहते.

उरलेले दोन शब्द औपचारिक आहेत. 'कन्क्लूड' सभा किंवा भाषण यांच्या समारोपासाठी वापरावा, मात्र त्याचा 'निष्कर्ष काढणे' असाही अर्थ आहे, हे उतारा वाचताना ध्यानात असू द्यावे. 'सीझ' (cease, नेमका उच्चार 'सीस') म्हणजे चालू असलेली गोष्ट बंद होणे. वर्तमानपत्रांतील 'सीझफायर' त्यातूनच आला आहे. जप्त करणे या अर्थाचा 'सीझ' (seize) मराठीत लिहिताना सारखाच दिसत असला, तरी इंग्रजीत त्याचे स्पेलिंग वेगळे आहे, म्हणून हे दोन शब्द वहीत शेजारीशेजारी लिहून पाठ करावेत.